गोडसर वासाचे औषध

भगिनींनो, आपला हा धानाचा मुलूख. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, कुठेही जा. घरोघरी वर्षाचा तांदूळ भरलेला असतो. आणि तांदूळ आला की सोंडे आलेच! या सोंड्यांसाठी पूर्वी एक पातळ औषध मिळे. तीन भाग इथिलीन डायक्लोराइड आणि एक भाग कार्बन टेट्राक्लोराइड असे ते मिश्रण. पहिला द्रव किडे मारी, पण पटकन पेट घेई. दुसरा पेटत नाही, म्हणून आगीचे भय कमी करायला तो मिसळत. जुन्या घराच्या माळ्यावर असा एखादा गंजका डबा अजूनही सापडायचा.

आज इथिलीन डायक्लोराइड दुसऱ्या वाटेने घरात येते. ॲक्रिलिकच्या पाट्या करणारे तुकडे जोडायला जे पाण्यासारखे ‘केमिकल’ वापरतात, ते कधी क्लोरोफॉर्म असते, तर कधी हेच. शाळेचे विज्ञान प्रदर्शन आले की मुले ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत मागून आणतात. बाटलीवर ना नाव, ना खूण. वास मात्र गोडसर, त्यामुळे भीती वाटत नाही. खरा धोका इथेच आहे.

तुम्ही म्हणाल, गॅसपासून लांब ठेवले म्हणजे झाले. तसे नाही हो! या द्रवाची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटते. खोलीच्या या कोपऱ्यात बाटली सांडली, तर त्या कोपऱ्यातल्या चुलीपर्यंत किंवा देवापुढच्या निरांजनापर्यंत ती पोचते आणि ज्योत उलटी बाटलीकडे येते. अवघ्या १३ अंश सेल्सिअसला तिची वाफ पेट घेण्याइतकी होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि हिवाळ्यातल्या दुपारीही १३ अंशांहून जास्तच ऊब असते. जळताना धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि थोडा फॉस्जीन हा विषारी वायू निघतो, म्हणून तो धूर छातीत जाऊ देऊ नये.

न पेटताही ते घातकच. वाफेने गरगरते, मळमळते. यकृत आणि मूत्रपिंड बिघडतात. कातडीतूनही ते अंगात भिनते. साधे रबरी हातमोजे ते फार वेळ अडवत नाहीत.

तेव्हा एवढे पाळा:

१. बिननावाची बाटली घरात घेऊच नका. मुलांचे मॉडेल चिकटवायचे तर दुकानदाराकडूनच जोडून घ्या.

२. सांडलेच तर मुलांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा. काडी ओढू नका, दिव्याचे बटण दाबू नका.

३. मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते पाण्याहून जड असते, तळाशी जाते आणि पाणी नासवते. जुना डबा सापडला तर तो न उघडता पंचायत समितीच्या कृषी विभागात किंवा नगरपालिकेत विचारा.

४. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे पाण्याने धुवा. अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने धुवा.

५. पोटात गेले तर ओकारी काढू नका; दूध-तेल पाजू नका. बाटलीसह तडक दवाखाना गाठा. थोड्या वेळाने बरे वाटले तरी न्याच, कारण यकृताचा त्रास एक-दोन दिवसांनीही उमटतो.

मग सोंड्यांचे काय? तांदूळ नीट वाळवा, कोरड्या, घट्ट झाकणाच्या कोठीत भरा, वर कडुनिंबाचा वाळका पाला घाला आणि महिन्याने एकदा चाळा. सोंडे दिसले तर तांदूळ निवडता येतो. धान्यात घालायच्या विषारी गोळ्याही घरात आणू नका. त्यांचा वायू झोपेतच जीव घेतो.

आज दुपारी निवांत झालात की माळ्यावरच्या आणि मुलांच्या कपाटातल्या बाटल्या एकदा बघून घ्या. ज्यावर नाव नाही, तिचे झाकण उघडून वास मात्र घेऊ नका!