सीमेपलीकडचा दंड आणि अलीकडची बेफिकिरी

आलापल्लीहून सिरोंचापर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटरचा जंगलरस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता. त्या रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडण्याची चैन कोणालाच परवडत नसे. मात्र सिरोंचाचा पूल ओलांडून गोदावरीपलीकडे कालेश्वरमला पोहोचले, की रुंद व गुळगुळीत रस्ता लागतो आणि चालकाचा पाय नकळत दाबला जातो. अहेरीकडून वांगेपल्ली-गुडेम पुलाने प्राणहिता ओलांडणाऱ्याचीही गोष्ट वेगळी नाही. पुढे कोठेतरी खांबावरचा कॅमेरा किंवा पोलिसांचे वेगमापक यंत्र गाडीचा ‘एमएच ३३’ क्रमांक टिपते आणि यथावकाश दंडाचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. त्यावर आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते : “तिकडचे पोलीस इकडे थोडेच येणार आहेत?”

हा युक्तिवाद वरवर पाहता व्यवहारी वाटतो, आणि काही काळ तो खराही ठरला. कित्येक वर्षे तेलंगणाच्या वाहन-नोंदी देशाच्या ‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीबाहेर होत्या व तेथील दंडाचा हिशेब त्या राज्याच्या स्वतंत्र संकेतस्थळावर ठेवला जाई. त्यामुळे गडचिरोलीच्या मालकाला आपल्या नावावर काय थकले आहे, हे घरबसल्या सहज दिसत नसे. परंतु न दिसणारे कर्ज हे फिटलेले कर्ज नव्हे. पुढच्या खेपेस त्याच राज्यात गाडी अडवून यंत्रात क्रमांक घातला, की मागील साऱ्या थकबाक्या एकदम पुढे येतात. आणि राज्याराज्यांच्या नोंदी जसजशा एकमेकींना जोडल्या जात आहेत, तसतसा नदीचा हा आडपडदाही विरळ होत आहे.

समजा, आपल्या भागातील एखाद्या गृहस्थाने प्रवासी वाहतुकीची जीप विकावयास काढली. गिऱ्हाईक ठरले, इसार मिळाला. आणि नाव-हस्तांतराच्या वेळी गाडीच्या नोंदीवर जुने ई-चलान थकीत असल्याचे निघाले. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी एक ते दोन हजार रुपये दंड ठरविला आहे. रक्कम मोठी नाही. पण ती न भरल्यामुळे हस्तांतर किंवा ना हरकत प्रमाणपत्र अडले, तर गडचिरोलीच्या परिवहन कार्यालयापर्यंतची शंभराहून अधिक किलोमीटरची फेरी, बुडालेला रोजगार आणि हातचे गेलेले गिऱ्हाईक, यांची बेरीज दंडाच्या कितीतरी पट होते. थकलेला दंड हा बिनव्याजी उधारीसारखा भासतो खरा. त्याचे व्याज मात्र ऐन अडचणीच्या दिवशी वसूल होते.

तथापि सारा दोष नागरिकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. यंत्राने टिपलेल्या अपराधाची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, असे केंद्राने ऑगस्ट २०२१ च्या नियमांत घातले होते. पण सूचना पाठविणे आणि ती पोहोचणे यांत फार मोठे अंतर आहे. जुनी दुचाकी किंवा जीप दोन-तीन हात फिरते आणि नाव पहिल्याच मालकाचे राहते. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवावे, असे कायदा सांगतो. ते करणारे किती? भ्रमणध्वनी क्रमांक पुष्कळदा विक्रेत्याचा वा दलालाचा नोंदविलेला असतो. आणि संदेश आलाच, तरी गोंडी व माडिया बोलणाऱ्या घरात त्या इंग्रजी मजकुराचा अर्थ कोणी लावावयाचा? अपराध करणारा एक, नोटीस दुसऱ्याला आणि भुर्दंड तिसऱ्याला, असा प्रकार घडतो, तेव्हा कायद्याबद्दल आदर वाढत नाही.

मुदतीचाही प्रश्न आहे. केवळ दंडाच्या शिक्षेस पात्र असलेल्या अपराधाची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाने घेऊ नये, ही मर्यादा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्येही ती कायम आहे. म्हणजे सरकारने वेळेत खटला न्यायालयात नेला पाहिजे. खटलाही नाही आणि सुटकाही नाही, असे चलान वर्षानुवर्षे गाडीच्या नोंदीवर लोंबकळत ठेवणे ही शिस्त नव्हे; ती अडवणूक होय.

याहून घातक आहे ती सवलतींची प्रथा. तेलंगणाने २०२२ मध्ये थकीत दंडावर दुचाकींना ७५ टक्के सूट दिली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा योजना काढून ती ८० टक्क्यांवर नेली. कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत निम्मा दंड माफ केला. तिजोरीत रक्कम आली, हे खरे. पण ज्याने मुकाट्याने पूर्ण दंड भरला तो मूर्ख ठरला आणि ज्याने टाळला तो शहाणा. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडले, की अपराध करू पाहणारा शिक्षेच्या आकाराबरोबरच ती होण्याच्या शक्यतेचाही हिशेब करतो. शक्यता शून्याकडे झुकली, तर दंड हजाराचा असो की दहा हजारांचा, गुणाकार शून्याकडेच झुकणार.

हा हिशेब आपल्या जिवाशी येऊन कसा भिडतो, हे आलापल्लीकरांना सांगावयास नको. सुरजागडचे लोहखनिज निघू लागल्यापासून आपल्या चौकातून अवजड ट्रकांची रांग वाहते आहे. त्याच रस्त्याने मुले सायकलीवरून शाळेला जातात. परराज्यातील क्रमांकाचा एखादा ट्रक येथे भरधाव गेला आणि त्याचा मालकही “महाराष्ट्राचे पोलीस इकडे थोडेच येणार” असे म्हणाला, तर आपण त्याला कोणत्या तोंडाने दोष देणार? मंचेरियालच्या वा वरंगळच्या रस्त्यावरची आपली सूट आणि आलापल्लीच्या चौकातली त्याची सूट ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

संघराज्यात हा प्रश्न सुटत नाही, असे मुळीच नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी १९७७ च्या एका करारान्वये परस्परांना हमी दिली आहे, की दुसऱ्या राज्यातील दंडाची नोटीस धुडकावणाऱ्याचा परवाना त्याचे स्वतःचे राज्य स्थगित करील. मात्र पाहुण्या चालकाला जागच्या जागी अडकवून ठेवावयाचे नाही. युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशान्वये अतिवेगासह आठ अपराधांत वाहनमालकाची माहिती देशादेशांत देण्याची सोय केली. आपल्याकडे तर मोटार वाहन कायदाच मुळात अखिल भारतीय आहे. आपणांस नवा कायदा नको. असलेल्या कायद्याची प्रामाणिक अंमलबजावणी हवी.

त्यासाठी चार गोष्टी व्हाव्यात. दंडाची सूचना मालकाच्या भाषेत, छायाचित्रासह व वेळेत मिळावी. ती अमान्य असल्यास करीमनगरला खेटे न घालता अहेरीतूनच हरकत घेता यावी. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी काटोल येथे वाहतूक खटल्यांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले, तेव्हा हे अशक्य नाही. मुदत टळलेली चलाने सरकारने आपणहून रद्द करावीत. आणि घाऊक माफीच्या योजना कायमच्या बंद व्हाव्यात.

राहिला आपला वाटा. विकलेल्या गाडीचे नाव बदलून घेणे, नोंदीतला भ्रमणध्वनी क्रमांक आपला असल्याची खात्री करणे आणि चूक आपली असेल तर दंड भरून मोकळे होणे, एवढे तर आपल्या हाती आहे. मिरची तोडणीसाठी, दवाखान्यासाठी आणि सोयरिकीसाठी आपण ही नदी रोज ओलांडतो. रोटी-बेटीचा व्यवहार ठेवावयाचा आणि कायद्याचा तेवढा तोडावयाचा, हे शेजारधर्माला शोभत नाही. आणि अखेरीस ते परवडतही नाही.