साळुंकीचा फोटो कोण काढतो?

पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हटलं की मंडळी थेट भिगवणला रोहित बघायला निघतात. जावं, जरूर जावं. पण फोटोची चौकट सुधारायची असेल तर माझं आपलं स्पष्ट मत आहे: साळुंकी, बुलबुल आणि वेडा राघू यांच्यासारखे गुरू नाहीत.

कारण साधं आहे. दुर्मिळ पक्षी दिसला की हात थरथरतो, आपण धडाधड बटण दाबतो आणि पक्षी बरोब्बर मधोमध चिकटवून घरी आणतो. तो दिसल्याचा पुरावा झाला, चित्र नव्हे. साळुंकी उद्याही येणार असते. त्यामुळे आज तिच्या मागे आलेली पांढरी गाडी उद्या टाळता येते. दोन पावलं बाजूला सरकलं की त्याच फांदीमागे गाडीऐवजी कडुनिंबाची सावली येते! जमिनीवर किडे टिपत असेल तर सरळ खाली बसावं. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती पाठ आणि फरशी येते. तिच्या पातळीवर गेलं की डोळ्याभोवतीची पिवळी पट्टी काय खुलते!

वेडा राघू तर नावापुरताच वेडा. हवेतला किडा पकडून बऱ्याचदा पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतो. मग मी आधीच काटकीवर फोकस करतो, तो बघतो त्या बाजूला मोकळी जागा सोडतो, शटर १/१००० च्या आसपास ठेवतो आणि वाट बघतो.

एक गोष्ट मात्र अजिबात पटत नाही, ती म्हणजे घरट्यांचे फोटो. नीट दिसावं म्हणून लोक फांद्या बाजूला करतात. आडोसा गेला की ऊन आणि कावळे दोन्ही पिल्लांपर्यंत पोचतात. असा फोटो कितीही देखणा असो, माझ्या लेखी नापास.

आत्या विचारते, "रोज त्याच पक्ष्यांचे कसले रे फोटो काढतोस?" आत्या, शेताकडेच्या तारेवरचा निळा चास आठवतो ना? २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात संख्या बरीच घटलेल्या पक्ष्यांमध्ये त्याचंही नाव आहे. तोही नेहमीचाच होता. म्हणून काढतो.