रंगाआधी पाणी

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली चिलखती गाडी उभी आहे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयातलं हे सर्वांत जुनं वाहन. ती पाहिली असेल तरी पुन्हा एकदा जा आणि फक्त रिव्हेट व दारांच्या फटी पाहा. रंगाखालीसुद्धा प्रत्येक कड कशी ताठ आहे! मग घरी येऊन आपलं रेझिनचं मॉडेल हातात घ्या. फटी बुजलेल्या, रिव्हेट गुळगुळीत. आपण कास्टिंगला नावं ठेवतो, पण बहुतेक वेळा खोट रंगाच्या जाडीत असते.

हिशेब करून पाहा. १:४३ मापाच्या मॉडेल मोटारीवर ०.१ मिलिमीटरचा थर बसला, तर खऱ्या मोटारीच्या मापात तो ४.३ मिलिमीटर होतो. आणि कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर अस्तरापासून लॅकरपर्यंत सगळं मिळून ०.१ मिलिमीटरच्या आसपासच रंग असतो. मग आपण हातावर हात का चढवतो? पहिला हात नीट धरत नाही, कुठे फाटतो, कुठे गोल खळगे पडतात, ते झाकायला दुसरा, मग तिसरा.

पहिला हात धरत नाही, कारण पार्ट धुतलेला नसतो. हे पार्ट बनवताना पॉलियुरेथेन रेझिन सिलिकॉन रबराच्या साच्यात ओततात. पार्ट सहज सुटावा म्हणून साच्याला लावलेला तेलकट थर पार्टवर उतरतो आणि डोळ्यांना दिसत नाही. डेंटिंग-पेंटिंगवाल्या कोणत्याही कारागिराला विचारा. बॉडीवर सिलिकॉनचं पॉलिश राहिलं तर रंग कसा मागे सरतो हे तो सांगेल. आमच्या टेबलावर मागच्या वर्षी एका बॉनेटचं अस्तर मास्किंग टेपबरोबर सोलून निघालं. ते बॉनेट आम्ही नुसतं कापडाने पुसलं होतं.

तेव्हा आधी पाणी. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना मऊ टूथब्रश. फटींमधून नीट फिरवा. पार्ट वाकडा असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ धरा, मऊ झाला की बोटांनी सरळ करा आणि त्याच आकारात गार पाण्यात बुडवा. ओतताना उरलेले ठोकळे कापून पॉलिश पेपर मारायचा तो ओलाच, तोंडाला मास्क लावून. रेझिनची कोरडी भुकटी फुफ्फुसात जाऊ देऊ नका, याबाबत आम्ही कुणाचीच सबब ऐकणार नाही. बारीक छिद्रं पुट्टीने भरा. घासून झालं की पुन्हा धुवा.

इथे नगरकरांसाठी एक खास सूचना. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा जड असतं. वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि अस्तराखालून खरखर जाणवते. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने करा. बॅटरीत घालायचं ते गॅरेजच्या दुकानात स्वस्त मिळतं. मात्र शेजारीच ठेवलेली ॲसिडची बाटली उचलू नका.

धुतल्यावर पार्टला उघडं बोट लावायचं नाही. अस्तराचे पातळ हात, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, मध्ये वाळायला वेळ देऊन. नगर शहर पर्जन्यछायेत आहे, इथली कोरडी हवा आपल्या बाजूची आहे. अकोले तालुक्यातल्या मित्रांना मात्र पावसाळ्यात थांबावंच लागेल. दमट हवेत लॅकर पांढरट पडतो. आणि उन्हाळ्यात सगळीकडेच धूळ. फवारण्याआधी खोलीत पाणी शिंपडून अर्धा तास दार बंद ठेवा.

थ्रीडी प्रिंटरचं रेझिन ही वेगळी जात. ते पक्कं झालेलं नसताना कातडीला त्रास देतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे हवेतच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, यूव्हीखाली पक्कं केल्याशिवाय त्यावर रंग चढवू नये. धुतलेलं अल्कोहोल पारदर्शक बरणीत, झाकण सैल ठेवून, आगीपासून आणि मुलांपासून दूर उन्हात ठेवा. विरघळलेलं रेझिन घट्ट होऊन तळाशी बसतं. गाळून घेतलेलं अल्कोहोल पुन्हा धुण्याला चालतं. ते मोरीत ओतू नका. शहरातलं सांडपाणी शेवटी सीना नदीतच जातं.