नवे स्पीकर घेण्याआधी एक रविवार द्या

साडूंनी गाडीत नवे कंपोनंट स्पीकर बसवले आणि हौसेनं मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून जुनं भावगीत लावलं. गायिका गायला लागली ती थेट माझ्या उजव्या गुडघ्यातून. तबला दाराच्या खिशात, पाण्याच्या बाटलीशेजारी. साडू माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘‘स्पीकर चांगले आहेत,’’ मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी लगेच विचारलं, ‘‘मग याच्याहून वरचे घेऊ का?’’

नका घेऊ. त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. गाडीतला आवाज आवडत नसेल तर आधी आहेत तेच स्पीकर नीट बसवा, नीट जुळवा. पैसे खर्च करायची वेळ बहुतेकदा येतच नाही.

कंपोनंट सेट म्हणजे खालच्या स्वरांचा वूफर वेगळा, वरच्या स्वरांचा ट्वीटर वेगळा आणि दोघांत सुरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर. साध्या कोॲक्शियल स्पीकरमध्ये ट्वीटर वूफरच्याच पोटात असतो, तिथे हलवायला काही नसतं. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते ट्वीटर हवा तिथे ठेवता यावा म्हणून. आणि मग तो बसतो कुठे, तर बसवणाऱ्याला भोक पाडायला सोपं जातं तिथे!

खालचे स्वर उदबत्तीच्या वासासारखे सगळीकडे पसरतात. वरचे टॉर्चच्या झोतासारखे जातात. झोत जिकडे, आवाज तिकडे. म्हणून ट्वीटरला पहिल्या दिवशी भोक पाडूच देऊ नका. मुलांच्या खेळातली क्ले घ्या, तिचा लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळा, त्यावर ट्वीटर टेकवा आणि वायर लांब सोडा. आधी आरशामागच्या तिकोन्यात ठेवून ऐका, मग डॅशबोर्डच्या कोपऱ्यात. तोंड काचेकडे केलंत तर आवाज काचेवर आपटून चरचरीत होतो. मला बहुतेक गाड्यांत पटलेली जागा म्हणजे तिकोना, आणि दोन्ही ट्वीटरची तोंडं पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर. त्यामुळे जवळचा ट्वीटर कानाला तिरका लागतो, लांबचा त्यामानानं सरळ, आणि दोघांतली ओढाताण कमी होते. ट्वीटर वूफरपासून फार लांबही नेऊ नका, नाहीतर एकाच गायिकेचा ‘स’ काचेपाशी आणि ‘आ’ पायाशी उमटतो. काचेच्या बाजूच्या खांबावर एअरबॅगची खूण असेल तर तिथे ना ट्वीटर, ना वायर. यात तडजोड नाही.

ऐकायला काय लावायचं? इथे आपल्याकडे एक आयता खजिना आहे. १९५०-६०च्या दशकातली बहुतेक भावगीतं मोनो रेकॉर्डिंगची आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरला तंतोतंत एकच आवाज जातो. सगळं जुळलेलं असेल तर अख्खं गाणं समोर, एकाच ठिकाणाहून यायला हवं. ते उजवीकडे सरकलं किंवा धुरासारखं विरलं, तर काहीतरी चुकलं आहे. फक्त मूळ रेकॉर्डिंग लावा. नंतर घुमारा घालून ‘नवं’ केलेलं नको. त्यात चूक तुमची की त्यांची हे कळत नाही.

विरलं असेल तर आधी वायरी बघा. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला की बेस भरतो, पूर्ण उजवीकडे नेला तरी भरतो, पण मध्ये आणला की गायब होतो? म्हणजे एका वूफरची प्लस-मायनस उलटी लागली आहे. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघं एकमेकांचं खातात. वूफरच्या वायरी सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस, मायनसला मायनस. पडदा बाहेर उडी मारतो ती बाजू बरोबर. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका, त्याची कॉइल नाजूक असते. या एका उलट्या वायरीपायी मी स्वतः तीन महिने ‘बेसच नाही’ म्हणून कुरकुरत होतो.

आता दार. वूफरचं खोकं म्हणजे तुमच्या गाडीचं दार, आणि ते आहे पातळ पत्र्याचं. पत्र्यावर बोटाच्या पेरानं वाजवा. टणटण वाजलं तर गाण्यातही टणटणणार. आतून डॅम्पिंग शीट चिकटवली की तेच दार धप्प वाजतं. पण शीट बाहेरच्या पत्र्याला लावून थांबू नका. डोअर पॅडमागची मोठी भोकंही बुजवा, कारण पडद्याच्या मागचा आवाज तिथून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. दाराच्या तळाशी पाणी निघून जायची बारीक भोकं असतात, ती मात्र उघडीच राहू द्या. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. कोकणात जाणाऱ्यांनी वूफरखाली एमडीएफची रिंगही टाळावी, दोन पावसाळ्यांत ती भिजलेल्या बिस्किटासारखी फुगते. प्लॅस्टिकची घ्या. क्रॉसओव्हरची डबीही दाराच्या तळाशी नको.

जागा ठरली की जुळवणी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे उजवे स्पीकर जवळ आणि त्यांचा आवाज कानाशी आधी पोहोचतो. कानाचा स्वभाव असा, की जो आधी बोलला त्याच्याच बाजूला तो गाणं बसवतो. साडूंच्या गाडीतली, गुडघ्यातून गाणारी गायिका ती हीच. यावर उपाय टाइम अलाइनमेंट: जवळच्या स्पीकरला थोडं थांबवायचं. शिंप्याचा टेप घ्या, नेहमीसारखे सीटवर बसा आणि नाकापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत मोजा. साडूंच्या गाडीत डावा वूफर १४० सेंटिमीटरवर निघाला, उजवा ९०वर. फरक ५०चा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्याला दीड मिलिसेकंद उशीर दिला. काही सिस्टीम सेंटिमीटरच मागतात, मग भागाकारही नको. सेटबरोबर आलेला साधा क्रॉसओव्हर वापरत असाल तर ट्वीटर आणि वूफरला वेगवेगळा उशीर देता येत नाही. फक्त डावं-उजवं जुळवा, तेवढ्यानंही गाणं गुडघ्यातून उठून डॅशबोर्डवर येतं. शेजारी बसलेल्याला मात्र ते बिघडलेलं वाटेल. घरात यावरून वाद होतात, पूर्वसूचना देऊन ठेवतो.

क्रॉसओव्हरवर ट्वीटरसाठी शून्य, उणे तीन डेसिबल अशा जागा असतात. आवाज टोचत असेल तर ट्रेबल कमी करण्याआधी तिथे उणे तीनवर या. डिक्कीत सबवूफर असेल तर दारातल्या साडेसहा इंची वूफरना ८० हर्ट्झच्या खालचं काम देऊच नका, हाय-पास लावा. नसेल तर ६०च्या आसपास. खोल बेस झेपत नाही म्हणूनच ते मोठ्या आवाजात फाटके वाटतात. खोक्यावर छापलेल्या वॅटवर जाऊ नका. ‘५० गुणिले ४’ लिहिलेली सिस्टीम प्रत्यक्षात सतत वीसेक वॅटच देते.

इक्वलायझरला हात सगळ्यांत शेवटी. तोही कमी करायला, वाढवायला नाही. तीन डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यात दुप्पट ताकद लागते आणि ती बिचाऱ्या ॲम्प्लिफायरकडे नसते. काय कमी वाटतं ते शोधण्याऐवजी काय जास्त होतंय ते शोधा. गाडीत सहसा दाराचा घुमारा, शंभर ते दोनशे हर्ट्झच्या दरम्यान. तिथे दोन-तीननं खाली आलात की तबल्याचा बायाँ आणि गायिकेचा गळा वेगळे होतात.

हे सगळं करताना इंजिन बंद, काचा वर. मग एकदा हायवेला जाऊन ऐका, कारण टायरच्या घरघरीत बेस बुडतो आणि तेवढा तो मात्र एखाद-दोन घर वर न्यावा लागतो. शेवटी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सर्व्हिसिंगला बॅटरी सोडवली की काही सिस्टीम सगळं विसरतात. साडूंचा पंधरा दिवसांनी फोन आला, गायिका परत गुडघ्यात गेली म्हणून.