खांबावरचा हात

नागपूर ही आगगाड्यांची नगरी होय. मुंबईकडील लोहमार्ग सन १८६७ मध्ये येथे पोहोचला आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने अडीच फूट रुंदीचे लहान रूळ आसपासच्या खेड्यांपर्यंत नेले. इतवारीहून एक फाटा सावनेर व सौंसरवरून छिंदवाड्यास जाई, दुसरा उमरेड व भिवापूरवरून नागभीडास. पहिल्यावरील लहान गाडी सन २०१५ मध्ये बंद झाली, दुसऱ्यावरील सन २०१९ मध्ये. त्यांच्या जागी रुंद रूळ हवेत, हे आम्हांस मान्य आहे. संत्री लवकर बाजारात पोहोचावी, आजाऱ्यास शहरातील इस्पितळ जवळ व्हावे, यापुढे आमच्या हौसेची ती काय किंमत! परंतु जे जाते त्याचे चित्र तरी मागे राहावे, एवढीच आमची मागणी आहे.

चित्रे काढणारे बहुधा इंजिनाकडे धावतात. वास्तविक इंजिनास आसरा मिळतो. सन २००२ पासून आपल्या मोतीबागेतील संग्रहालयात लहान रुळांवरील जुनी इंजिने कोणीही पाहून यावे. स्थानकाबाहेर ऊनपाऊस सोशीत उभा राहणारा सिग्नलचा खांब मात्र बहुधा भंगारात जातो. म्हणून आम्ही म्हणतो की, कॅमेरा प्रथम त्याच्याकडे वळवावा.

त्या खांबाची रचना मननीय आहे. हात आडवा असला की गाडीने थांबावे, खाली झुकला की पुढे जावे. रात्री तेच काम तांबडी व हिरवी काच करी. तार तुटल्यास वजनाच्या भाराने हात आपोआप पुन्हा आडवा होई. अर्थात यंत्र बिघडले तरी गाडी थांबावी, प्रवाशांचा घात होऊ नये, अशी योजना होती. आजही आपण 'सिग्नल पडला' असे म्हणतो. आता दिव्यांचे सिग्नल आले. त्यांत पडण्यासारखे काही नाही. तो हात ज्यांनी पाहिला नाही, त्यांस स्वभाषेतील हा शब्दप्रयोगही कोड्यासारखा वाटेल.

कोणी म्हणेल, 'आज ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे, चित्रांचा तोटा तो कोठे?' चित्रे पुष्कळ आहेत हे खरे. पण त्यांवर ना गावाचे नाव, ना दिवस, ना गाडीचा मार्ग! असे चित्र मुके असते. काढणारा गेला की ते कोणत्या स्थानकाचे, हे सांगणारा कोणी उरत नाही.

यास्तव विद्यार्थिमित्रांस आमची सूचना अशी. सुटीत गावी गेल्यावर आजोबा, मामा, काका यांच्या पेट्यांतील जुनी छायाचित्रे पाहावी आणि त्यांतील स्थळ व साल त्यांच्याच तोंडून ऐकून मागे पेन्सिलीने लिहावे. घरात कोणी सांधेवाला किंवा स्टेशनमास्तर असल्यास खांबाचे व तरफांचे काम समजून घ्यावे. जेथे जुना खांब अद्याप उभा असेल, तेथे स्टेशनमास्तरांची अनुज्ञा घेऊन, रुळांवर पाऊल न टाकता, त्याचे चित्र घ्यावे व त्याच दिवशी वहीत टिपण करावे. अशा दहा वह्या शाळेच्या ग्रंथालयात जमल्या, तर उद्याच्या इतिहासलेखकास त्या उपयोगी पडतील. हे काम वडील मंडळी हयात आहेत तोवरच होण्यासारखे आहे. म्हणून येत्या सुटीतच त्यास हात घालावा.