सूत्रधार की भिक्षेकरी?

बाहुल्यांच्या खेळाचे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जगविणाऱ्या जमातींचे कौतुक करणारी प्रदर्शने आपल्या शहरांतून आता वारंवार भरतात. दिव्याच्या झोतात कळसूत्री बाहुली टांगलेली असते, शेजारी तिच्या गावाचे नाव लिहिलेले असते, एखादा वृद्ध कलावंत शाल आणि श्रीफळ घेऊन संकोचाने उभा असतो, आणि उद्घाटक 'अनमोल वारसा' या शब्दांनी आरंभ करून त्याच शब्दांनी समारोप करतात. या सोहळ्यांना माझा विरोध नाही. माझा प्रश्न दालनाच्या दाराबाहेरचा आहे. हाच कलावंत हीच बाहुली घेऊन समोरच्या चौकात बसला, ढोलकी वाजवून त्याने चार माणसे जमविली आणि खेळ संपल्यावर चादर पसरली, तर कायद्याच्या दृष्टीने तो कोण ठरतो?

तो भिक्षेकरी ठरतो, आणि ही अतिशयोक्ती नव्हे. तत्कालीन मुंबई राज्याने १९५९ साली केलेल्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याचे दुसरे कलम ज्याला पाहावयाचे असेल त्याने पाहावे. सार्वजनिक जागी दान मागणे किंवा स्वीकारणे म्हणजे भीक मागणे, अशी व्याख्या तेथे आहे. आणि गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे अशा कोणत्याही मिषाने ते केले तरी ती भीकच, असा खुलासाही आहे. 'मिष' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. बापाने मुलाला शिकविलेली बोटांची किमया, तोंडपाठ आख्याने, लाकूड कोरण्याचे कसब, हे सारे कायद्याच्या लेखी हात पसरण्याचे निमित्त! प्रथम दोषी ठरणाऱ्याला एक ते तीन वर्षे संस्थेत डांबून ठेवण्याची तरतूद आहे. पुनःपुन्हा सापडणाऱ्यासाठी ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

या विसंगतीचा सर्वांत बोलका दाखला दिल्लीचा आहे. शादीपूर आगाराजवळ राजस्थानी भाट बाहुलीकारांची, जादूगारांची आणि डोंबाऱ्यांची मोठी वस्ती होती. कठपुतली कॉलनी हे तिचे नाव. १९८५ साली अमेरिकेत भारत महोत्सव झाला, तेव्हा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत राजीव सेठी यांनी मांडलेल्या 'अदिती' या प्रदर्शनात रस्त्यावरचे भारतीय कलावंत प्रत्यक्ष खेळ करीत होते. वस्तू आणि माणूस यांना एकत्र मांडणारे प्रदर्शन म्हणून त्याची वाखाणणी झाली, आणि ती रास्तच होती. परंतु ज्यांच्या कलेने परदेशी प्रेक्षक थक्क होत होते, त्यांचा धंदा त्याच वेळी मायदेशी अपराध होता. कारण मुंबईचा तो कायदा दिल्लीलाही लागू केलेला होता. पुढे २००९ साली वस्तीच्या पुनर्विकासाचा करार एका खाजगी बांधकाम कंपनीशी झाला, आणि ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस तेथील घरांवर बुलडोझर चालले. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील भीक मागणे अपराध ठरविणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. प्रदर्शनापासून त्या निकालापर्यंत तेहेतीस वर्षे गेली. तो निकालही कलारसिकांनी मिळविला नाही. भिकाऱ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांच्या याचिकांतून तो आला. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांनी तेवढ्या काळात कायद्याचे पुस्तक उघडले?

कोकणातील वाचकांना हे दूरचे वाटू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला सांभाळून आहेत. एके काळी सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. संस्थान गेले, आश्रय आटला. चित्रकथीच्या पोथ्यांपैकी काही संग्रहालयांत पोचल्या, त्या गाणारे मात्र गावीच राहिले. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले, 'ठाकर आदिवासी कला आंगण' उभे केले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे आंगण मला शहरी दालनांहून श्रेष्ठ वाटते, कारण तेथे बाहुली भिंतीवरून उतरते आणि आख्यान ऐकू येते. पण पद्मश्री एका व्यक्तीला मिळते, कायदा साऱ्या धंद्याला लागतो. आणि महाराष्ट्रात तो १९५९ चा कायदा आजही उभा आहे. राज्याने एका हाताने सन्मान द्यावा आणि दुसऱ्या हातातील दंडुका खाली ठेवू नये, याला कलेचा आदर म्हणता येत नाही.

यावर काही आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, बाहुलीवाल्यांवर हा कायदा सहसा कोणी चालवीत नाही. वकिली करणाऱ्याला हा युक्तिवाद चांगला परिचयाचा असतो. न चालविलेला कायदा मेलेला नसतो. तो शिपायाच्या खिशात असतो. खटला भरण्याची गरजच पडत नाही. 'ऊठ येथून' एवढे दोन शब्द पुरतात, आणि ज्याची बाजू कायद्याने आधीच दुबळी केली आहे तो गठडी बांधून निघतो.

दुसरा आक्षेप रहदारीचा. रस्ता जाण्यायेण्यासाठी आहे, हे खरे. परंतु सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे की, पदपथावर व्यापार करणे हाही घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तर रस्त्यावर लोकांना सेवा पुरविणाऱ्यालाही विक्रेता मानले आहे. वस्तऱ्याने दाढी करणे ही सेवा, आणि अमरसिंग राठोडाचा खेळ दाखविणे ही मात्र याचना, हा भेद कोणत्या न्यायाने करावयाचा? सभागृहात तिकीट आधी फाडतात, चौकात पैसा मागाहून पडतो. मोबदला दोन्हीकडे मोबदलाच आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या मुलांनी सूत्रे ओढीतच का जगावे, शिकून दुसरे काही का करू नये? अवश्य करावे. पण धंदा सोडण्याचे स्वातंत्र्य आणि धंद्यातून हुसकले जाणे या एक गोष्टी नव्हेत.

हा प्रश्न आमच्या माळव्यातही दाराशी आला आहे. मध्य प्रदेशाचा स्वतःचा भिक्षावृत्ती निवारण कायदा १९७३ पासून आहे. इंदूर शहरात १ जानेवारी २०२५ पासून तर भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदविण्याचे प्रशासनाने ठरविले. बालकांकडून भीक मागविणाऱ्या टोळ्या मोडाव्यात, याबद्दल दुमत नाही. पण खेळ पाहून चादरीवर दहाची नोट टाकणारा माणूस दाता की प्रेक्षक, हे ठरविणार कोण? २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ भरेल. इंदूरहून तिकडे जाणारा रस्ता आमच्या सांवेरातून जातो. मेळ्याच्या सांस्कृतिक मंडपात बाहुल्या नाचतील आणि रस्त्यावरून बाहुलीवाले हटविले जातील, असे होऊ द्यावयाचे नसेल, तर बोलण्याची वेळ आताच आहे.

म्हणून प्रदर्शने भरविणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. दालनाबाहेरच्या चौकात खेळाला जागा मिळवा आणि तेथे पैसे टाकणे उघडपणे मान्य करा. कलावंताला मानपत्राबरोबर ठरलेली बिदागी द्या. आणि समारोपाच्या भाषणाऐवजी एक ठराव करून विधिमंडळाकडे पाठवा: गाणे, नाचणे आणि खेळ करणे हे शब्द भिक्षेच्या व्याख्येतून वगळावेत, आणि रस्त्यावरचा कलावंत हा सेवा देणारा व्यावसायिक आहे असे स्पष्ट लिहावे. कायद्यातील चार शब्द खोडावयाला खर्च फारसा नाही.

संस्कृत रंगभूमीने आपल्या नियंत्याला सूत्रधार म्हटले. हा शब्द बाहुलीच्या दोऱ्यांवरूनच आला, असे जर्मन पंडित पिशेल यांनी १९०० साली मांडले; इतरांनी ते नाकारले. तो वाद पंडितांचा आहे. ज्याच्या हातात खरोखरच सूत्रे आहेत, त्याला आमच्या कायद्याने कोणत्या नावाने हाक मारावी, हा वाद मात्र आपला आहे आणि तो आपणच मिटविला पाहिजे.