बायबल मराठीत बोलते, आपली तकरीर कधी बोलणार?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. तेव्हा त्यांच्याविषयी जे लिहून आले, त्यात दोन गोष्टींवर भर होता. एक, हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जमीन आणि पाण्यासाठी त्यांनी दिलेला लढा. दोन, २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. दोन्ही गोष्टी मोठ्याच आहेत. पण उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला त्यांचे तिसरे काम जास्त मोलाचे वाटते. ते म्हणजे 'सुबोध बायबल'. साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला.

मराठीत आधी बायबल नव्हते असे नाही. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे काम हाती घेतले होते. पुढे पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून साध्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. १९२२ साली त्यांचे निधन झाले, तोवर हे काम चालू होते. केवढी ती चिकाटी! संस्कृतची पंडिता म्हणून कलकत्त्यात गौरवली गेलेली ही बाई शेवटी शोधत काय होती, तर केडगावच्या आश्रमातल्या अडाणी मुलींना कळेल असा शब्द. दिब्रिटो त्याच वाटेने चालले. नावातच त्यांनी 'सुबोध' म्हटले, ते उगीच नाही.

मराठी बायबलमधले काही शब्द मी वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहिते. करार, खमीर, भाकर, गव्हाण. उर्दू माध्यमाची मुले पहिले दोन लगेच ओळखतात, 'टीचर, ये तो अपने हैं!' खरेच आहे, दोन्ही शब्द अरबीतून आलेले. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या धर्मग्रंथाच्या दोन भागांना 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हणतो. उर्दू बायबलमध्ये त्यालाच 'अहदनामा' म्हणतात. म्हणजे पुण्या-नगरच्या चर्चमध्ये दर रविवारी एक अरबी शब्द उच्चारला जातो आणि कुणाचा धर्म बाटत नाही. उलट अरबस्तानातल्या ख्रिश्चनांचे बायबल उघडले तर परमेश्वराच्या जागी 'अल्लाह' हाच शब्द दिसतो. आपल्यातल्या कित्येकांना हे सांगितले की विश्वास बसत नाही.

आता 'भाकर' घ्या. पोर्तुगिजांमुळे 'पाव' हा शब्द मराठीत केव्हाच रुळला होता. तरीही रोजच्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस देवाकडे मागतो ती भाकर. येशू जन्मला तेव्हा त्याला ठेवले ते गव्हाणीत. ज्याच्या दारात एखादी म्हैस आहे, त्या पोराला गव्हाण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. हजरत ईसा (अ.) यांच्या जन्माची हकीकत आपल्याकडेही आहे. सूरह मरियममध्ये गव्हाण नाही, तिथे खजुराचे झाड आहे. त्याच्या बुंध्याशी वेणा सोसणारी एकटी मरियम आहे, पायाशी वाहता झरा आहे आणि झाड हलवले की पडणारा ताजा खजूर आहे. कुरआनात नावानिशी उल्लेख झालेली ही एकमेव स्त्री. बाळंतपण पाहिलेल्या कुठल्याही मराठी बाईच्या डोळ्यांत पाणी येईल असा हा प्रसंग आहे. पण गावातल्या किती मुस्लिम बायकांपर्यंत तो त्यांच्या भाषेत पोहोचला आहे? तिलावत होते, सवाब मिळतो, ते आहेच. मी अर्थाबद्दल बोलते आहे.

दोन्ही धर्म एकच आहेत असले गोड बोलणे मला जमत नाही. ते येशूला देवाचा पुत्र मानतात, आपण ईसा (अ.) यांना अल्लाहचे पैगंबर मानतो. सुळाविषयी आपली आणि त्यांची श्रद्धा वेगळी आहे, आणि ती वेगळीच राहणार. दिब्रिटोही आपल्या जागी पक्के कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांच्याकडून घ्यायचा आहे तो अकीदा नव्हे, पद्धत.

ही पद्धत एका माणसाची नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्यानंतर तीसेक वर्षांनी, १६४५ साली, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तोही ओवीतच. पुढे ख्रिस्ती समाजाने तो धागा सोडला नाही. रेव्हरंड टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन चर्चमध्ये नेले. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण तिथला ख्रिस्ती माणूस शेतात आणि विहिरीवर आपल्याच बोलीत बोलत राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लॅटिनऐवजी लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली, तेव्हा ती भाषा घरात तयारच होती.

आपल्याकडे शेख महंमदांचा धागा तुटला, असे मी म्हणणार नाही. सोलापूरला १९९०मध्ये मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर अनेकांनी चांगले लिहिले. पण ते कथा-कवितेत आणि वैचारिक लेखनात. मशिदीत काय चालते? नमाज अरबीत आहे आणि अरबीतच राहणार, त्यावर वाद नाही. प्रश्न जुम्याच्या खुतब्याआधीच्या बयानाचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शहरांत उर्दू चालते, मान्य. पण कोकणात, पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत बहुतेक घरांत मराठी नाहीतर दखनी बोलतात. तिथे बाहेरून आलेले मौलाना जड उर्दूत तकरीर करतात, लोक अदबीने माना डोलावतात आणि उठून जातात. बायकांच्या वाट्याला तर लाऊडस्पीकरवरून जे कानावर येईल तेवढेच.

'मराठीत बयान सुरू झाले तर उर्दू मरेल,' असे मला माझेच सहकारी सांगतात. मी रोज उर्दू शिकवते, तिच्यावर माझे पोट आहे आणि प्रेमही. पण इतिहास पाहा. अठराव्या शतकात शाह वलीउल्लाह यांनी दिल्लीत कुरआनाचे फारसीत भाषांतर केले. त्यांचे चिरंजीव शाह अब्दुल कादिर यांनी ते उर्दूत केले, कारण सामान्य माणसाला फारसी कळेनाशी झाली होती. आज आपण जिला दीनची भाषा मानतो, ती तेव्हा बाजारातली बोली होती. आणि प्रत्येक पैगंबराला त्याच्या कौमच्या भाषेत पाठवले, हे तर सूरह इब्राहीमच सांगते.

दुसरा सूर याच्या उलटा असतो. मराठीत बोलू लागलो की लोक आपल्याला आपले मानतील! ही आशा बाळगणाऱ्यांनी दिब्रिटोंच्या निवडीनंतर काय झाले ते आठवावे. एक ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाध्यक्ष कसा, म्हणून काही जणांनी विरोध केला. चारशे वर्षांची मराठी परंपरा आणि आयुष्यभराचे मराठी लेखन पाठीशी असून ही तऱ्हा. तेव्हा कुणाकडून दाखला मिळावा म्हणून हे करू नये. आपल्या मुलींना मरियमची गोष्ट कळावी म्हणून करावे.

करायचे ठरवले की खरी अडचण शब्दांची येते. आपल्या मराठी पुस्तकांत 'ईशपरायणता' असा शब्द भेटतो. व्याकरणाने बरोबर असेल, पण कुठल्या घरात तो बोलला जातो? 'सब्र'साठी 'संयम' लिहितात. माझे मत 'धीर' या शब्दाला आहे. मयताच्या घरी शेजारीण पाठीवर हात ठेवून 'धीर धर' म्हणते, त्यात सब्रचा बराचसा अर्थ येतो. 'तवक्कुल'साठी 'भरवसा' चालेल. अडते ते 'तक्वा'पाशी. 'भीती' म्हटले तर पोलिसाची आठवण होते, 'भक्ती' म्हटले तर अर्थ भलतीकडे जातो. 'देवाला भिऊन वाग' यात तो थोडा सापडतो, पण तो एक शब्द नव्हे, अख्खे वाक्य आहे. तुमच्या गावाकडे, एखाद्या नानीच्या तोंडी याला काही शब्द असेल तर मला जरूर कळवा.